कुकरवाला टेक

रावपुऱ्यात, गादीवाल्याच्या दुकानावर माझी खोली.
भिंतींना त्याच्याच उसवलेल्या गाद्या.
पंखा बंद केला की रेकॉर्डिंग सुरू.
जुईली फणसे तेव्हा बारावीत,
गळ्यात नॅपकिन, घाम माइकवर पडू नये म्हणून.

एकोणीस गाणी. एकही बाहेर आलं नाही.
पहिल्या सहांत ती कुणाकुणासारखी गाते,
सातव्यात सर्दी झालेली आहे,
आणि तिथून पुढे ती कुणासारखीच गात नाही.
मला हे तेव्हा कळलं नव्हतं. मी वहीत
'नाकात येतंय' एवढंच लिहिलंय.

दहावं अर्धं मराठी, अर्धं गुजराती.
दोन्हीकडे ळ, म्हणून ती तिथे लोळते:
वेळ, कागळ, जवळ.
जीभ टाळूला लावून गरजेपेक्षा जास्त थांबते.
शेवटचा शब्द वादळ.
गुजरातीत नुसता ढग, आपल्यात तुफान.
'यातलं कुठलं?' मी विचारलं.
'आलं की बघू.'

नवरात्रात काम बंद. सगळं बडोदंच वाजत असायचं,
ती कुठल्यातरी मैदानावर कोरसमध्ये,
मी स्पीकरच्या वायरी सांभाळत.

मग मुंबई. पोस्टरवर फक्त 'जू'.
आवाजाला इस्त्री, श्वास कापलेले,
गाणी हिंदीत, म्हणजे ळचा प्रश्नच मिटला.
चांगली आहेत. खोटं कशाला बोलू,
रिक्षात लागलं तर भाडं देऊनही मी उतरत नाही.

काल रात्री पावणेदोनला फोन.
'उदयभाई, ते कुकरवालं आहे का अजून?'
दहावंच. वरच्या मजल्यावर हंसाबेनची तूरडाळ
बरोबर 'वादळ'वर शिट्टी देते.
'कंपनीला हवंय. शिट्टी निघेल?'

पहाटेपर्यंत बसलो.
शिट्टी निघते,
पण जाताना शेवटचं अक्षर घेऊन जाते.
उरतो वाद.

दोन्ही पाठवले, शिट्टीसकट आणि शिट्टीशिवाय.
सकाळी तिचं उत्तर: 'ळ मी इथून गाऊन देते, तू जोड.'
पाठोपाठ तिचाच आवाज, मोबाइलवर घाईत भरलेला:
वादल.
वादल्.
खाकरणं.
वाद…
मग बराच वेळ काहीच नाही,
नुसती खोली, तिची, मी न पाहिलेली.

मी पंखा बंद केला
आणि परत लावलं.