पान एकशे बासष्ट

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून सोमवारीच घेतलं, बिंदू चौकातून.
दोनशे ऐंशी. म्हटलं, वीस रुपये कमी करा.
दुकानदार म्हणाला, लेखक गावातलाच हाय, त्यालाच विचारा.

गावातलाच.
वसीम शिकलगार, झुंजार बँजो पार्टीचा साईड ड्रम,
खांद्यावर चामडी पट्टा, तोंडात कायम बडीशेप.
पार्टी फुटल्यावर पुण्याला गेलेला, आणि आता हे :
तीनशे चार पानं, पाठीमागं फोटो.
चष्मा लागलाय.

पहिल्याच पानावर छापलंय
यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक.
बरं.
मग पुस्तकातल्या 'वादळ' पार्टीतला रंगा
तार लावताना डावाच डोळा का मिटतो,
आमच्या महिपती आवळेसारखा?

कानावरची पेन्सिल काढली,
जॉबवर खूण करायची असते ती.
पान एकोणीस : ट्रॉली निळी नव्हती, पिवळी.
पान चाळीस : पापाच्या तिकटीला जनरेटर बंद पडला
आणि मंडळाच्या एका पोरानं दोरी ओढून चालू केला.
मंडळाचा पोरगा नव्हे.
मी.
पान अठ्ठ्याऐंशी : पहाटे चारला महाद्वार रोडवर
रंगानं बँजो छेडला, आणि गर्दी स्तब्ध झाली.
स्तब्ध कुठली!
माझी एक चप्पल त्या रात्री गेली ती गेली,
दुसरी उगाच घरापर्यंत हातात आणली.

एकशे बारापासून पेन्सिल चालंना.
इचलकरंजीच्या लग्नाची सुपारी, साडेचार हजार,
गायब झाली होती.
सगळ्या पेठेला माहीत होतं, महिपतीनं खाल्ली.
बँजो त्याच्याकडून काढून घेतला, पार्टी फुटली,
तो लक्ष्मीपुरीत कांदे विकायला बसला,
आणि मी पुढच्या गाड्यावरून कांदे घ्यायला लागलो.
सहा वर्षं.
पुढचा गाडीवाला मापात मारायचा, तरी.

पुस्तकात ते पैसे ड्रम वाजवणाऱ्यानं घेतलेत.
'मी' म्हणून लिहिलंय त्यानं. मी घेतले. मी बोललो नाही.
रंगाही बोलला नाही.
पुन्हा उलटून पहिलं पान बघितलं.
सर्व पात्रे व घटना.

चहा निवला. बायको म्हणाली, परीक्षा हाय काय उद्या?

पान एकशे बासष्ट.
कदमवाडीत भाच्याच्या हळदीला
रंगा शेवटचा वाजवतो. उसना बँजो, दोन तारा ढिल्या.
माणसं जेवणावर. ऐकतंय कोण?
आणि मग ही ओळ :
'मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, एक माणूस
नऊ बोटांनी टाळ्या वाजवत होता.'

माझी डावी तर्जनी लेथनं नेली
पार्टी फुटून दोन वर्षं झाल्यावर.
वसीम तेव्हा पुण्यात. त्याला माहीत असायचं कारण नाही.
कदमवाडीला मी गेलो होतो, हे घरातसुद्धा माहीत नाही.
आमंत्रण नव्हतं. जेवलो नाही.
महिपतीसमोर गेलो नाही, टाकीमागनंच सायकल काढली.
म्हणजे टाकीच्या त्या बाजूला मी
आणि कुठंतरी, दिव्याच्या खांबामागं म्हणा, शेजारच्या जिन्यात म्हणा,
तो.
दोघंही एकाच माणसाला तोंड न दाखवता ऐकत होतो.

महिपती पुढल्या उन्हाळ्यात गेला.
त्याला कुणी हे वाचून दाखवलं नाही.

पुढं लिहिलंय, 'तो माणूस रडत नव्हता.'
पेन्सिल टेकवली त्या 'नव्हता'वर.
टेकवून ठेवली बराच वेळ,
कागदाला बारीक खड्डा पडला फक्त.

एकशे बेचाळीस पानं अजून राहिलीत.
शिकलगार गल्लीत आईकडं येऊन-जाऊन असतो म्हणे.
वीस रुपयांचं विचारायचंय, म्हणून जावं का?