ठेवा

वाटणीच्या कागदावर वकिलानं एक रकाना सोडला होता:
वडिलोपार्जित ठेवा.
मल्लू म्हणाला, मार रेघ.
म्हशी विकल्या, गोठा रस्तारुंदीत गेला,
उरलं हे पितळेचं अर्ध्या लिटरचं माप,
लांब दांड्याचं, टोकाला आकडी.

काठावर सरकारी शिक्के, वर्षाला एक,
मुंगीएवढे. नखानं मोजले: बावीस.
मग पिशवीतलं दूध आलं.

बोहरी आळीत, मोडीच्या दुकानात,
फिदाहुसेनभाई मान वर न करता म्हणाले,
"ठेवा."
एवढंच. आणि तराजूकडे बोट.

मी माप हातात धरून तशीच उभी.
काय काय करून घेतो आपण या एका शब्दाकडून!
बँकेत ठेव, पोटात ठेव,
ठेवणीतलं लुगडं, ठेवणीतली शिवी,
पाहुण्यापुढं पाणी ठेव,
पाहुणा गेला की त्याला नावं ठेव.
मला सासरी धाडताना अण्णा म्हणाले होते, लक्ष ठेव.
कशावर, ते राहिलं.

अण्णांना मात्र कुणी नावं ठेवली नाहीत.
रास्ता पेठेत तीन मजले चढून
माप भरायचे, आणि वर एक धार जास्तीची.
ती धार सगळ्यांना दिसायची.

फिदाहुसेनभाईंनी माप पालथं केलं,
बुडावरून अंगठा फिरवला,
आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.
"ताई, हे आतून उचललंय.
शिक्क्याच्या आधी सरळ करायचं,
शिक्का झाला की परत वर.
बघा, बूड किती पातळ झालंय.
चमचाभर दूध खात असेल."

चमचाभर.
सत्तर घरं, दोन वेळा,
असा हिशोब धरला मी,
आणि माझ्या शाळेच्या फीपाशी येऊन
सोडून दिला.

पितळेत माझं तोंड दिसत होतं,
बाकदार, पिवळं,
हनुवटीची ठेवण अण्णांची.

"काय करू? ठेवू?"
"नको," म्हटलं, "द्या इकडे."
त्यांनी ते आधी फडक्यानं पुसलं, मग दिलं.

रकान्यात लिहिलं:
दुधाचं माप, नग एक. चमचाभर कमी.
मल्लूनं न वाचताच
खाली सही ठोकली.