खंड

तहसीलच्या कंपाउंडबाहेर, निंबाखाली,
ढेकरे टायपिस्टनं कागद चढवला अन् विचारलं,
"एकोणीस वर्षांचा गॅप. कारण का टाकू, बाई?"
मी गप्प.
"घरगुती अडचण टाकतो. सारे तेच टाकतात."
आणि त्याखाली, हाताच्या सवयीनं,
सदर कालावधीत मी कुठेही प्रवेश घेतलेला नाही,
कोणतेही गैरकृत्य केलेले नाही,
घरीच होते.

घरी?
एकोणिसातली चौदा वर्षं मी
हिंगणघाट रोडच्या जिनात
धर्मकाट्याच्या खिडकीत बसले आहे.
भरलेली गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी लिहिते.
रिकामी चढते,
मी लिहिते.
वजाबाकी माझ्याइतकी तालुक्यात कुणी केली नसेल.
आमच्याकडे रुई खंडीनं विकतात,
भाव रोज बदलतो, फोन येतात, सेठ ओरडतो.
माझा खंड एका ओळीत मावला
साडेतीनशे रुपयांत,
नोटरी धरून.

सही केली.
सगळंच काही खोटं नव्हतं.
गैरकृत्य खरंच केलं नाही, एकदा सोडून:
प्रज्वलच्या वेळी, सातव्या महिन्यात,
दुपारी कुणी नव्हतं म्हणून
स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहिले होते.
तो दहाच्या पटीत मोजतो.
साठ दाखवलं.
दोघांचं मिळून.

पहिल्या दिवशी मी दारात आले
आणि अख्खा वर्ग उभा राहिला.
"गुड मॉर्निंग, मॅडम!"
मी मागच्या बाकाकडे चालत गेले, बसले,
आणि ते उभेच,
बसायला सांगणार कोण?
मग एक पोरगी, उईके, फसकन हसली
आणि माझ्या शेजारची आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.
ताई म्हणावं की काकू, आठवडाभर त्यांचं ठरलं नाही.
आता नुसतं चौऱ्याहत्तर म्हणतात.
सर हजेरीत चौऱ्याहत्तर पुकारतात
तेव्हा माझ्या तोंडून "घ्या पुढं गाडी"
निघता निघता राहतं.

अर्जावर एक रकाना होता: पालकाची सही.
"कॉलम खाली चालत नाही, बाई. साहेब वापस करतात."
बाबा गेले, म्हटलं. आईला दिसत नाही.
"मालक?"
हार्वेस्टर घेऊन तेलंगणात, दिवाळीपर्यंत.
"मंग पाहा तुमचं तुम्ही."

पाहिलं.
प्रज्वल आठवीत आहे, वहीच्या शेवटच्या पानावर
महिनाभर सही गिरवतो आहे,
इंग्रजीत, मागे लांब शेपूट, खाली दोन टिंबं.
अर्ज त्याच्यापुढे सरकवला.
"नातं काय लिहू?"
"जे हाये ते लिही."
त्यानं पेन चावला.
मला वरून खालपर्यंत पाहिलं,
जसं मी पाहते त्याला, प्रगतिपुस्तक हातात आल्यावर.
"अभ्यास करशीन ना पण? का नुसती डबे खाशीन?"
आणि सही ठोकली,
शेपूट रकान्याबाहेर गेली.
क्लार्कनं बघितलंसुद्धा नाही. शिक्का मारला.

आता सीझन आहे.
रात्री गाड्यांची रांग पार पुलापर्यंत.
कीबोर्डशेजारी अर्थशास्त्र उघडं,
त्यावर रुईचे तंतू येऊन बसतात,
फुंकलं की दोन ओळी दिसतात,
तिसरीपर्यंत परत पांढरं.
सीमांत उपयोगिता मी अशीच शिकते आहे,
दोन दोन ओळींनी.
सव्वानऊला प्रज्वलचा फोन:
भाजीत मीठ किती, आणि
बिजागरीचं इंग्रजी काय?
मीठ सांगितलं.
बिजागरीचं म्हटलं, उद्या विचारून सांगते.

खिडकीवर टकटक.
"बाई, पेपर कोनाचा हाय?"
"माहा."
ड्रायव्हर जरा थांबला. पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं हाय. पन आंधी माह्या गाडीचं घ्या."

घेतलं.
भरलेलं वजन अकरा हजार दोनशे चाळीस.
रिकामं अजून
व्हायचं आहे.