अळणी

फेब्रुवारीतला रविवार. ग्रिगाल वारा सुटलाय,
अडसर लावूनही चर्चचं दार थडथडतंय.
दुन आंजलू शुभवर्तमान वाचतात:
तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात,
पण मिठाचा खारटपणाच गेला, तर?

मागच्या बाकावर मी. मनातल्या मनात म्हणतो,
जात नाही हो, फादर.
चौपन्न उन्हाळे कातळात कोरलेले हे चौकोन झाडतोय,
बापानं शिकवलं तसे, ऊन चढायच्या आत.
मीठ ओलं होतं, मळतं. गोणीत दगड होऊन बसतं,
मग हातोडीच्या दांड्यानं फोडावं लागतं.
पण अळणी मीठ?
गोझोत तरी कुणी पाहिलेलं नाही.

मिस्सा संपल्यावर बोलूनही दाखवलं.
ते हसले. विस्टिन, म्हणाले,
प्रभू सुताराच्या घरचा. मिठाचं तुलाच जास्त कळणार.
आणि छत्री उलटी होऊ नये म्हणून
भिंत धरून निघून गेले.

घरी कार्मनी.
तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं,
मीठ बंद, चिमूटभरही नको.
सांगताना बघत माझ्याकडे होत्या.
माझ्या नखांत पांढरं होतं, म्हणून असेल.
तेव्हापासून चुलीवर एकच भांडं चढतं.
भोपळ्याचं सूप, पावट्याची आमटी, शुक्रवारी मासा,
सगळं तिच्या बेताचं.
ती म्हणते, तू वरून घे ना थोडं.
मी म्हणतो, घेतलंय.
मागच्या खोलीत बेचाळीस गोण्या
आणि जेवताना रोज हे एक खोटं.
पापनिवेदनात अजून सांगितलेलं नाही.
सांगायचं म्हणजे सोडावं लागेल.

सल्वू माझा धाकटा भाऊ.
त्याच्या आणि माझ्या वाफ्यांमध्ये वीतभर कातळ.
त्या वीतभरासाठी अकरा वर्षं
आम्ही चर्चच्या दोन अंगांना बसतो.
एकमेकांना शांती द्या, असं वेदीवरून म्हणतात
तेव्हा मी बुटाची नाडी बांधतो.

ऑगस्टमध्ये माझी कंबर धरली.
वाफ्यांत मीठ पिकलेलं, आणि संध्याकाळी
समुद्रावर ढगाचं एक नख.
एक सर आली की सगळं पुन्हा समुद्राचं.
रात्रभर माळ ओढली, तीही अर्धीच;
मधेच झोप लागली, की राग आला, आठवत नाही.

पहाटे खिडकीतून झाडूचा आवाज:
दोन लांब, एक आखूड.
बाप तसा झाडायचा. आता एकच जण तसा झाडतो.

काठी टेकत उतरलो.
तो माझ्या वाफ्यात वाकलेला होता,
हात हलका, तळाला झाडू न लावता,
शेवटचा थर सोडून देत.
मी कधी सोडत नाही. दाणान् दाणा खरवडतो,
कातळाची पिवळी भुकटी येईपर्यंत.
आणि तिथे उभ्या उभ्या आठवलं:
गेल्या साली मार्साल्फोर्नच्या खानावळवाल्यानं
माझ्या तीन गोण्या परत पाठवल्या होत्या.
याला चव नाही, म्हणाला.
मी त्याच्या आईबापांचा उद्धार केला होता.

सल्वूनं वर पाहिलं नाही.
"कार्मनी कशी आहे?"
"बरी. चल, सूप आहे."

तो जेवायला बसला. पहिला घास,
मग हात सवयीनं टेबलाच्या मध्यावर गेला,
बरणी जिथे असायची तिथे.
तिथे काही नव्हतं. माझ्याकडे पाहिलं,
मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे.
हात मागे घेतला. खात राहिला.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं.
न खाल्लेल्या मिठाला कसं जागायचं
हे दुन आंजलूंना एकदा विचारायला हवं.

वीतभर कातळाचं अजून काही ठरलेलं नाही.
कार्मनीनं विचारलं, आणखी वाढू?
सल्वू म्हणाला, अर्धी पळी.