बीन आणि गॉन

मोरकमच्या वृद्धाश्रमात, माझ्या तिसऱ्या रात्री,
मी वहीत लिहिलं:
मिस्टर ऑर्मरॉड हॅज बीन टु हॉस्पिटल.
ग्लेनिसनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"आले का परत?"
नाही, साडेनऊलाच तर नेलंय.
"मग गॉन. बीन म्हणजे जाऊन आले.
गॉन म्हणजे अजून तिकडेच."
माझ्या बीनवर तिनं एकच आडवी रेघ मारली.
खाडाखोड नको, तपासणीवाले येतात.

मी मिरजेची. शाळेत
गो-वेंट-गॉन आम्हाला पाढ्यासारखं पाठ,
त्यात बीन नव्हतंच.
ते बी-वॉज-बीनच्या घरातलं.
इथे मात्र जाण्याच्या कामावर बदली म्हणून लागलंय,
माझ्यासारखंच, रात्रपाळीला.

खिडकीबाहेर ओहोटी.
इथला समुद्र जातो तो मैलभर,
चिखल उघडा टाकून.
येईल मेला सहापर्यंत.

आई दारात 'जाते' म्हणू द्यायची नाही.
कोपऱ्यावर क्रोसिन आणायला निघालं तरी
"येते म्हण गं."
स्टेशनवर, दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी सांभाळत,
मी येतेच म्हटलं होतं.
त्याला आता आठ महिने.
शेजारणी विचारतात तेव्हा ती म्हणते, गेलीय तिकडे.
मराठीत तेवढ्यावर निभतं.

इथेही दिवे मालवताना
मी प्रत्येक दाराशी येते म्हणायचे.
ऑर्मरॉडनी दुसऱ्याच रात्री अर्थ विचारला,
आणि आपण काय म्हणायचं तेही.
स्ट्रेचरवरून अंगठा वर करून म्हणाले, "येटो."
उच्चार लँकशरचा,
पण लिंग बरोबर.

सहाला फोन वाजला.
ग्लेनिसनं ऐकून घेतलं, वही ओढली.
नवीन काही लिहिलं नाही,
फक्त 'टु हॉस्पिटल'वर रेघ मारली.
गॉन तेवढं राहिलं.
बीनला असं एकट्यानं उभं राहता येत नाही,
पाठीशी एखादं गाव लागतं, नाहीतर दवाखाना.
गॉनला काही लागत नाही.

आमच्याकडेही तसंच, मी म्हटलं.
नुसतं 'गेले' म्हटलं
की कुठे, ते कुणी विचारत नाही.

मग त्यांच्या खोलीतला हीटर बंद करायला मी गेले.
हे दुसरं गेले.
अक्षरं तीच,
पण यातली मी
पाच मिनिटांत परत आले.