जुलैचं पुस्तक

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही सात जण
लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत जमतो.
खालच्या ड्रायरमुळे जमीन कोमट राहते,
म्हणून थंडर बेच्या जानेवारीतही
बूट काढून बसता येतं.
वही माझ्याकडे. बावीस वर्षांची नोंद :
कोणी काय सुचवलं, कोणी काय पाडलं.

मतदान घेवड्याच्या दाण्यांनी, कॉफीच्या डब्यात.
पांढरा म्हणजे हो.
तार्मोचं अंतराळयान दर वर्षी
काळ्या दाण्यांत बुडतं.
त्यानं बंदरावरच्या कोठारात चाळीस वर्षं गहू तोलला,
दाणे मोजायला त्याच्याकडेच देतो आम्ही.
तो प्रामाणिकपणे मोजतो. ‘पाच विरुद्ध दोन,’ म्हणतो,
आणि यान परत कोटाच्या खिशात.

दुसरा पांढरा दाणा कोणाचा, हे वहीत नाही.
वही माझीच आहे.

रायली शाळेत शिकवायची. तिचा प्रश्न एकच :
‘चर्चा कशावर करायची? ड्रॅगनवर?’
तिच्या सोवळ्यात खून चालतो,
फक्त खुनी सापडता कामा नये.
प्रेम चालतं, शेवटी लग्न झालं की विटाळ.
भूतही चालतं, आईच्या आठवणीचं असेल तर;
खरोखरचं, दार आपटणारं नको.

शेवटी तोड निघाली : जुलै.
जुलैत सगळे तळ्याकाठच्या लाकडी घरांत,
सभेला चिटपाखरू नसतं.
तर जुलै द्या त्यांना.
पान वाढायचं, पण खांबाआड.

गेल्या जुलैत मी खोली उघडली ती केर काढायला.
पायरीवर ओलेना बसलेली, मांडीवर पुस्तक.
मग एडविन, नव्वद किलोमीटर गाडी हाणत,
डासांनी हात फोडून काढलेले.
मग बाकीचे.
सगळ्यात शेवटी रायली.
तिच्या प्रतीत बेचाळिसाव्या पानावर पेन्सिलीनं :
‘डॉक्टर. नक्की.’

डॉक्टर नव्हता. फेरीबोटीवरचा तिकीटवाला होता.
‘एकशे सहावर कळायला हवं होतं मला,’
ती टेबलावर बोट आपटत म्हणाली,
‘सगळ्यांनी चहा घेतला, यानं नाही घेतला!’
लाल झाली होती. मी तिला इतकी तरुण
कधी पाहिली नव्हती.

अडीच तास. वहीत आहे.
फेब्रुवारीतल्या बक्षीसवाल्या कादंबरीला चाळीस मिनिटं,
त्यांतली वीस बर्फाच्या नांगरावर :
आमच्या गल्लीत तो केव्हा येणार, म्हणून.

सप्टेंबरात पुन्हा डबा फिरला.
तार्मोनं दाणे ओतले. मोजले.
परत मोजले. त्यानं कधी परत मोजलं नव्हतं.
‘चार विरुद्ध तीन.’

मी लिहिलं : नामंजूर.
रायली खिडकीपाशी कान देऊन बसली होती,
जणू खाली ड्रायरमध्ये
तिचेच कपडे वाळत होते.