चौथ्या ट्रॅकवरचा खोकला

'तिसरी पाळी'च्या चौथ्या गाण्यात,
दोन मिनिटं सात सेकंदांवर
जो खोकतो, तो मी.
अकरा गाण्यांत माझं तेवढंच.

जालना, एमआयडीसी,
सरकीच्या बियाण्याचं गोदाम.
काका रात्रीचे वॉचमन, म्हणून किल्ली आमच्याकडं.
पोती अशी रचली की मधी एक खोली निघाली,
चार बाय पाच,
भिंती सरकीच्या, छत सतरंजीचं.
टाळी वाजवली तर परत यायची नाही.
मुजम्मिल म्हणला, बस्स. हाच स्टुडिओ.

माईक मंडपवाल्याचा, त्याच्यापुढं चहाची गाळणी,
गाळणीला बनियनचं कापड.
वायरीचा कॉन्टॅक्ट सुटायचा
म्हणून कुणीतरी ती धरून बसायची.
अकरा रात्री धरली मी.
हालायचं नाही, डास चावला तरी.

गांधी चमनजवळ मोबाईल दुरुस्त करायचा मुजम्मिल.
तीन रात्री तो रोलिंग मिलच्या भिंतीला
फोन लावून उभा होता.
लाल कांब निघते तेव्हा आधी फुत्कारते,
मग पडते. धण्ण.
त्या दोन आवाजांच्या मधला जो दम आहे
त्यावर त्यानं सगळा अल्बम बसवला.
वरून अब्बूच्या शटरची कडी. टिक टिक टिक.

आणि सिद्धोधन खिल्लारे.
दोन पाळ्या मिलला, तिसरी आम्हाला.
साडेबाराला यायचा, हातावर नवा फोड घेऊन.
वही नव्हती त्याच्याकडं.
थंड कांबीवर खडूनं लिहायचा,
कांब भट्टीत गेली की ओळ गेली.
डोक्यात उरली तेवढीच गाण्यात आली:

*सळई आमची, स्लॅब तुमचा,
सावली कुणाची, सांग.*

चौथं गाणं एका दमात झालं.
सव्वातीनला लाईट जाणार होती.
बियाण्याला औषध लावलेलं, त्याची लाल भुकटी
पोत्यांतून गळायची, घशात बसायची.
मी दाबला, दाबला,
आणि नेमका तो श्वास घ्यायला थांबला तिथंच

मुजम्मिल म्हणला, काढतो कापून.
सिद्धोधन म्हणला, ऱ्हाऊ दे.
मिलमधी कोण खोकत नाही?

सीडी काढायला पैसे नव्हते.
कुणी स्क्रीन बदलायला फोन दिला
की मुजम्मिल गुपचूप अकरा गाणी आत टाकायचा.
माणूस परतूरला गेला, सेलूला गेला,
घरी जाऊन बघतो तर हे काय आलं बा!
काहींनी पुसली.
काहींनी दुसऱ्याच्या कार्डात टाकली.

जूनमध्ये गोदाम रिकामं झालं.
ज्या पोत्यांनी सगळ्यात आधी ऐकलं
ती भोकरदनला, घनसावंगीला पेरली गेली.
काही ठिकाणी उगवलीच नाहीत, तक्रारी आल्या.
आमची खोली ट्रकमधून गेली.

आता मुजम्मिल दम्मामला आहे.
सिद्धोधन चाकणला, शिफ्ट सुपरवायझर.
मागं फोनवर म्हणला, गाण्यातलं काही आठवत नाही रे,
भट्टीत गेलेल्या ओळीच आठवतात.
एक ऐकव म्हणलं, तर
हॉर्न झाला, ठेवतो, म्हणला.

मी वजनकाट्यावर असतो.
भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
मधला आकडा पावतीवर.

परवा परभणीला गेलो होतो.
कॉलेजच्या मैदानावर पोरांची गोल गर्दी,
मधी एक मुलगी, मानवतची, नाव संबोधी.
तिनं माईक घेतला, डोळे मिटले
आणि आधी खोकली.
कोरडा, एकच, थोडा उशिरा तुटणारा.
माझाच.
गर्दी उलटून खोकली, शंभरेक पोरं,
आणि मगच धण्ण पडलं.

शेजारचा पोरगा म्हणला, काका, असंच सुरू करतात.
का?
माहीत नाही. असंच असतंय.

मला खरंच आला होता तेव्हा.
इतकी वर्षं भुकटी काही सुटली नाही.
मी रुमाल तोंडाशी धरला
आणि हाललो नाही.